आबांच्या आंघोळीचं पाणी

सोलरच्या पाण्याचा अंदाज तोटीखाली हात धरून येत नाही. पाइपात रात्रभर थांबलेलं गार पाणी आधी येतं, मग कोमट, आणि कोमट म्हणेपर्यंत चटका बसतो. एप्रिल-मेमध्ये आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सत्तर अंशांच्या वर गेलेलं मी थर्मामीटर लावून पाहिलं आहे. धडधाकट माणूस हात झटकून मागे होतो. ज्याच्या पावलांना चटका कळतच नाही, तो मागे कसा होणार?

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, मधुमेहाचे जुने रुग्ण. त्यांच्या पावलांची जाणीव हळूहळू कमी होत गेली. चपलेत खडा शिरला तरी तो संध्याकाळी कुणीतरी चप्पल झटकल्यावर सापडतो. अशा पायांवर कढत पाणी पडलं, तर भाजल्याचं कळणार ते फोड दिसल्यावर. आणि मधुमेहात पायाची जखम किती छळते, हे ज्यांच्या घरात हे दुखणं आहे त्यांना सांगायला नको. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघा अमेरिकी संशोधकांनी 1947 साली कातडी भाजण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातले आकडे आजही वापरले जातात. 60 अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी खोलवर भाजायला सुमारे 5 सेकंद पुरतात. 55 अंशांना साधारण अर्धं मिनिट, 49 अंशांना कित्येक मिनिटं, आणि 44 अंशांना तब्बल 6 तास. फरक सोळाच अंशांचा. म्हातारपणी कातडी पातळ होते, तेव्हा पाच सेकंदही जास्तच धरायचे.

मग टाकीतलंच पाणी कमी तापवावं, असं कुणीही म्हणेल. सोलरला ते सांगता येत नाही, ऊन पडेल तसं ते तापणार. गिझरच्या बाबतीत सांगता येतं, पण तिथे दुसरी अडचण आहे. साठवलेलं पाणी 20 ते 45 अंशांच्या दरम्यान रेंगाळलं की त्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. शॉवरच्या तुषारांतून ते फुप्फुसात गेले तर न्यूमोनियाचा एक वाईट प्रकार होतो, आणि तो म्हाताऱ्या, आजारी माणसांनाच आधी गाठतो. म्हणून साठवण 60 अंशांच्या आसपास ठेवायची आणि अंगावर घ्यायच्या जागी पाणी उतरवायचं, हीच रीत बरोबर. आबांच्या लहानपणी परसात बंब होता, घंगाळात विसण घालून, कोपर बुडवून बघूनच पोराला पाटावर बसवायचे. आता आबा एकटे न्हाणीघरात जातात, दार लावून घेतात, आणि त्यांना तसंच हवं आहे. त्यांचा हा हट्ट मला पूर्णपणे पटतो. म्हणून आम्ही भिंतीवर थर्मोस्टॅटिक मिक्सर, म्हणजे गरम आणि गार पाणी मिसळून ठरवलेल्या तापमानाला देणारा नळ, बसवून घेतला.

या मिक्सरच्या पोटात काय चालतं ते समजून घेतल्याशिवाय त्याची दुरुस्ती करता येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. डावीकडून गरम पाणी येतं, उजवीकडून गार. मध्ये एक सरकती नळी असते. ती एका बाजूला सरकली की गरमाची वाट अरुंद आणि गाराची रुंद होते, दुसऱ्या बाजूला सरकली की उलट. तिला सरकवते एक छोटीशी धातूची कुपी, जी मिसळलेल्या पाण्याच्या प्रवाहातच बसवलेली असते. कुपीत मेण भरलेलं असतं, आणि उष्णता लवकर पसरावी म्हणून त्यात तांब्याची पूड मिसळलेली असते. मेण वितळताना आकारमानाने साधारण दहा-पंधरा टक्के फुगतं. कुपीतून बाहेर डोकावणारी पिन त्या फुगण्याने पुढे ढकलली जाते, पिन नळीला ढकलते, गरमाची वाट आवळते. पाणी गार झालं की मेण आकसतं आणि समोरची स्प्रिंग नळीला परत ढकलते. वीज नाही, तार नाही. सर्जियस व्हर्नेट या संशोधकाने 1930च्या दशकात अमेरिकेत मोटारीच्या इंजिनासाठी मेणाचा असा थर्मोस्टॅट बनवला. तेच तत्त्व आज न्हाणीघरात आहे.

कोल्हापूरच्या माणसाला हे पटवून द्यायला फार लांब जायला नको. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आपण दर पावसाळ्यात बातम्यांत मोजतो: आज तीन उघडले, आज पाच, प्रत्येकातून 1428 क्युसेक. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की पाण्याच्याच जोरावर दार उघडतं, पातळी उतरली की मिटतं. ज्याला आवरायचं त्याच्याच जोरावर आवरायचं, ही कल्पना मला भौतिकशास्त्र शिकवत असताना जितकी सुंदर वाटायची, तितकीच आता आबांच्या शॉवरखाली वाटते.

पावसाळा सरला आणि दिवाळीच्या आधी मिक्सर बिनसला. नॉब 38वर, पण पाणी जेमतेम कोमट. कधी मध्येच गारठा. लाइट गेली की मात्र काही क्षण पाणी चांगलंच गरम यायचं आणि मग सावरायचं. बोलावलेल्या पहिल्या प्लंबरने नॉब दोन्हीकडे फिरवून पाहिला आणि काट्रिज (नळी, कुपी आणि स्प्रिंग यांचा आतला संच) गेलं, अख्खा मिक्सर बदला, असं सांगून टाकलं. त्यांनी मिक्सरच्या तोंडाशी गाळ अडवणाऱ्या जाळ्या काढून पाहिल्या नाहीत, पाइपांना हात लावून पाहिला नाही, काही विचारलंही नाही. मला याचा राग येतो, आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही. चांगल्या पितळेची, वर्षानुवर्षं चालू शकणारी वस्तू न उघडता भंगारात काढायची, आणि नवी त्याच पाण्यावर, त्याच पाइपांवर बसवायची. पुढच्या पावसाळ्यानंतर तीही तशीच होणार.

मी उद्यमनगरातल्या, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागातल्या, एका मिस्त्रींकडे गेले. डिझेल इंजिनं उघडण्यात त्यांची हयात गेली. आता वर्कशॉप मुलाकडे आहे आणि ते दारातल्या खुर्चीवर बसून सगळ्यांना सांगत असतात. माझं ऐकून घेताना त्यांनी मिक्सरबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. विचारलं ते असं:

“बाई, गार पाण्याला पंप लावलाय काय?”

लावला आहे. वरच्या मजल्यावर धार बारीक यायची म्हणून घराच्या गार पाण्याच्या लाइनला प्रेशर पंप बसवला होता. सोलरचं पाणी मात्र गच्चीवरून नुसत्या उतारानेच येतं.

“मग रात्रीचा पंप आपोआप सुरू होतोय काय? तोटी सगळ्या बंद असताना?”

होत होता. मध्यरात्री मिनिटभर घरघर व्हायची आणि थांबायची. कुठेतरी गळती असेल म्हणून आम्ही सगळ्या तोट्या, फ्लशच्या टाक्या तपासल्या होत्या. कुठेच थेंब नव्हता.

“मग वॉल न्हाई गेला तुमचा,” ते म्हणाले. “त्याच्याकडं येणारं पाणीच वाट चुकलंय.”

त्यांचं बोलणं मी घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा सगळं जुळत गेलं. गच्चीवरची टाकी मिक्सरपासून चारेक मीटर वर, म्हणजे गरम पाण्याचा दाब अर्धा बारसुद्धा नाही. पंपाच्या गार पाण्याचा दाब त्याच्या तिप्पट-चौपट. मिक्सरच्या पोटात या दोन वाटा एकमेकींना मिळतात. जास्त दाबाचं पाणी कमी दाबाच्या लाइनीत उलटं घुसू नये म्हणून दोन्ही तोंडांशी एकेक नॉन-रिटर्न वॉल, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा तुकडा, असतो. गरमाच्या बाजूचा तो नीट मिटत नसेल, तर शॉवर बंद असतानाही गार पाणी गरमाच्या पाइपात उलटं चढत राहणार, थेट सोलरच्या टाकीत माथ्यावरून शिरणार आणि तळाचं पाणी फीडच्या, म्हणजे सोलरला गार पाणी पुरवणाऱ्या, पाइपातून घरच्या टाकीत परत ढकलणार. थेंबही बाहेर पडत नाही, म्हणून गळती सापडत नाही. दाब उतरतो म्हणून पंप रात्री जागा होतो. दिवसभर ऊन खाऊनही सकाळी गरम पाणी कमी पडतं. आणि लाइट गेली की पंप थांबतो, गाराचा जोर एकाएकी ओसरतो, गरम पाणी मोकळं आत येतं आणि मेणाला ते आवरेपर्यंत काही क्षण जातात. ते काही क्षण आबांच्या पायांवर पडत होते.

याची खात्री करायला अवजार लागत नाही.  मिक्सरच्या गार बाजूचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून येणारं पाणी बंद करायचा छोटा नळ, झोपताना बंद करून ठेवायचा. त्या रात्री पंप घरघरला नाही, आणि सकाळी सोलरला भरपूर गरम पाणी होतं. एवढ्यावर निदान झालं.

मिस्त्री रविवारी स्वतः आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत पाने, एलन की, टॉर्च आणि जुना टूथब्रश. दोन्ही अँगल कॉक बंद केले, शॉवर उघडून पाइपातला दाब घालवला. मोरीच्या जाळीवर फडकं अंथरलं, कारण बारीक स्क्रू तिथे गेला तर परत मिळत नाही. नॉबखालचा एवढासा स्क्रू एलन कीने सैल केला. नॉब काढण्याआधी मात्र त्यांनी मला मार्करने नॉब आणि तो ज्या दांड्यावर बसतो तो स्पिंडल या दोन्हींवर एक रेघ मारायला लावली. ही रेघ नसेल तर परत बसवताना 38चा आकडा कुठल्याही तापमानावर बसू शकतो, आणि माणूस आकड्यावर विश्वास ठेवून पाण्याखाली उभा राहतो.

मिक्सर भिंतीवरून उतरवल्यावर तोंडाशी जाळ्या दिसल्या. गाराच्या जाळीवर तांबूस गाळाचा थर होता. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ होतं, आमच्या टाकीत बोअरचं पाणीही मिसळतं, आणि दोन्हींचा हिशेब या नखाएवढ्या जाळीवर जमा होतो. गरमाच्या जाळीवर पांढरे, खरखरीत कण होते, सोलरच्या टाकीत धरलेल्या क्षारांच्या खपल्या. कोल्हापूरचं नदीचं पाणी तसं मऊ, क्षार येतात ते बोअरमधून, आणि तापलेल्या पाण्यात ते लवकर खाली बसतात. जाळ्या नळाखाली उलट्या धरून ब्रशने घासल्या आणि त्या स्वच्छ झाल्या.

मग गरमाच्या बाजूचा नॉन-रिटर्न वॉल. अंगठ्याच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, आत स्प्रिंगवर बसलेली चकती. मिस्त्रींनी तो टॉर्चसमोर धरला आणि मला बघायला सांगितलं. चकती आणि तिची बैठक यांच्यामध्ये सुताचा एक धागा अडकला होता. पाइप जोडताना आट्यांवर सफेदा लावून गुंडाळतात तोच धागा, केसाहून थोडा जाड, पाण्याने काळा पडलेला. जोडणीच्या वेळचा एखादा सुटा शेव पाण्याबरोबर सरकत सरकत इथे येऊन बसला असणार. त्याच्यामुळे चकती मिटत नव्हती. चिमट्याने धागा ओढून काढला. मिस्त्रींनी तुकडा तोंडाला लावून एका बाजूने फुंकला, हवा गेली. उलटा करून फुंकला, हवा अडली. “हां, झालं,” एवढंच म्हणाले.

काट्रिज मात्र मी त्यांना उघडायलाच लावलं, कारण मला मेणाच्या कुपीची खात्री करायची होती. सगळ्या काट्रिजमध्ये ती वेगळी निघत नाही, आमच्यात निघाली. प्रत्येक भाग निघेल त्या क्रमाने फडक्यावर ओळीने मांडला आणि मी फोटो काढत गेले. सरकत्या नळीवर क्षारांचा पातळ थर होता, त्याने ती जडपणे सरकत होती. इथे पटाशीने किंवा तारेच्या ब्रशने खरवडायचं नाही. ओरखडा पडला की ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारं रबराचं कडं, तिथून गळते. वाटीभर कोमट पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड घालून भाग बुडवून ठेवले, बुडबुडे यायचे थांबले तेव्हा बाहेर काढले. पांढरं व्हिनेगरही चालतं, वेळ थोडा जास्त लागतो.

कुपी तपासायची मिस्त्रींची रीत इंजिनवाल्यांची. “गाडीचा थर्मोस्टॅट आम्ही पातेल्यातच बघतो. ऐंशी-बयाऐंशीला उघडला पाहिजे, न्हाईतर इंजिन तापतंय.” स्वयंपाकघरात एक पातेलं गार पाण्याचं आणि एक पन्नास अंशांच्या पाण्याचं ठेवलं. कुपी चिमट्यात धरून गारातून काढून गरमात बुडवली, आणि पिन डोळ्यांदेखत बाहेर सरकली. व्हर्नियरने मोजली, परत गारात घातली, बोटाने दाबली तशी आत गेली. मी वर्गात आयुष्यभर प्रसरण शिकवलं, पण एवढ्याशा मेणाला एवढ्या जोराने धातू ढकलताना मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. आबा खुर्ची ओढून शेजारी बसले होते. त्यांनी ते परत एकदा करून दाखवायला सांगितलं.

ओ-रिंगा चपट्या झाल्या होत्या. त्या आणायला मी नमुना घेऊन उद्यमनगरातल्या ऑइल सीलच्या दुकानात गेले. दुकानदाराने आतला व्यास आणि जाडी मोजली आणि विचारलं, “तेलाला की पाण्याला?” गरम पाण्याला म्हटल्यावर त्यांनी ईपीडीएम रबराच्या काढून दिल्या. या रबराला इंजिन ऑइल, ग्रीस किंवा व्हॅसलीन लावायचं नाही, पेट्रोलियमने ते फुगतं. सिलिकॉन ग्रीसचा बारीक हात पुरतो. नुसता शॉवर ठिबकत असेल तर बऱ्याचदा या रिंगांचंच काम असतं, थर्मोस्टॅटचा त्यात काही संबंध नसतो.

जोडून झाल्यावर तापमान लावलं. धार पूर्ण सोडून बादलीत थर्मामीटर धरला, स्पिंडल अगदी थोडा थोडा फिरवत 38वर आणला, पाणी स्थिर झाल्यावर नॉब रेघेला रेघ जुळवून बसवला. ब्रिटनमध्ये रुग्णालयं आणि वृद्धाश्रमांसाठी अशा मिक्सर-झडपांची शॉवरची कमाल मर्यादा 41 अंश आणि टबाची 44 अंश धरतात. आबांना 38 पुरतं. गरमाकडून येणारं पाणी हव्या त्या तापमानापेक्षा किमान दहा-बारा अंशांनी जास्त असावं लागतं, नाहीतर झडपेला मिसळायला वावच राहत नाही. ढगाळ आठवड्यात सोलरचं पाणी चाळिशीवर आलं की मिक्सरला दोष देऊ नये, हे त्यामुळेच.

आता ज्या एका तपासणीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, ती. शॉवरखाली कुणी नसताना पाणी 38वर सोडायचं, खाली बादली ठेवायची आणि गार पाण्याचा अँगल कॉक झटकन बंद करायचा. चांगली झडप काही सेकंदांत गरम पाणीही जवळजवळ पूर्ण थांबवते, फार तर बारीक ठिबकत राहतं. गार पाणी अचानक गेलं तर माणूस भाजू नये, याचीच ही परीक्षा. साफ करण्याआधी मी ती करून पाहिली होती: धार चालूच राहिली, आणि थर्मामीटरचा आकडा पन्नासच्या पुढे गेला. साफ केल्यावर धार थांबली. सफाईनंतरही थांबली नसती, तर मेणाची कुपी थकली असं समजून मी काट्रिज त्याच दिवशी बदललं असतं, किमतीकडे न बघता. कोमट पाणी येतं म्हणून माणूस तक्रार करतो, ही चूक मात्र चुपचाप असते. रोज सगळं ठीक चालतं आणि टाकी रिकामी झाल्याच्या एका सकाळी पाय भाजतात. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस, लहान मूल किंवा मधुमेहाचा रुग्ण आहे आणि असा मिक्सर आहे, त्यांनी वर्षातून निदान एकदा हे करावं. पाच मिनिटांचं काम आहे.

राहिला दाबाचा प्रश्न. धागा काढल्याने उलटं पाणी थांबलं, पण दोन बाजूंच्या जोरातली तफावत तशीच होती, आणि लाइट गेल्यावर हेलकावा बसणारच होता. मिस्त्रींचा उपाय सरळ होता: मिक्सरच्या गार बाजूला पंपाची लाइन द्यायचीच नाही, गच्चीवरच्या टाकीतून वेगळा पाइप उतरवायचा. दोन्ही पाणी एकाच उंचीवरून, एकाच जोराने. धार थोडी मंद झाली आहे. आबा स्टुलावर बसून आंघोळ करतात, त्यांना ती पुरते. पंप चालू असो वा बंद, आता आकडा अंशभरापेक्षा जास्त हलत नाही.

शेजारच्या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, आणि त्यांच्याकडेही असाच मिक्सर आहे, पण भिंतीच्या आत पुरलेला. जाळ्या, नॉन-रिटर्न वॉल, अँगल कॉक, सगळं टाइलच्या मागे. नळकाम करताना कुणी झाकण ठेवलं नाही. दिसायला भिंत सुंदर आहे, पण हात घालायला जागा नाही, आणि अशी झडप बसवणं मला मुळातच चुकीचं वाटतं. तपासणी करायची म्हटली तरी गार पाणी बंद करायला गच्चीवर जावं लागलं. काकूंचा मुलगा वर, मी खाली बादलीपाशी, आणि काकू दारात थर्मामीटर वाचायला. धार थांबली नाही. पुढच्या रविवारी मिस्त्रींचा मुलगा ग्राइंडर घेऊन येतो आहे. दोन टाइल कापायच्या, आणि त्या जागी स्क्रूने निघेल असं स्टीलचं झाकण बसवायचं. तोवर काकूंना मी बादलीतच पाणी घ्यायला सांगितलं आहे.